खोबरेल थिजल्यावर

आमच्या घरात हिवाळा सुरू झाला हे जाहीर करण्याचा अधिकार न्हाणीघरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीकडे आहे. तसं पाहिलं तर आम्ही पुण्यात राहतो आणि पुण्यात हवामान खात्याची चांगली दगडी, घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत आहे. १९२८ साली हे खातं सिमल्याहून इथं आलं, म्हणून लोक तिला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. पुण्याच्या वाट्याला आलेला सिमला तेवढाच. पण आईचा त्या इमारतीवर भरवसा नाही. "त्यांचं यंत्र बाहेर कुठंतरी टांगलेलं असतं. थंडी घरात आली की नाही हे त्यांना कसं कळणार?" हा तिचा मुद्दा मला आजवर खोडता आलेला नाही.

तर नोव्हेंबरातल्या कुठल्याशा सकाळी आई ती बाटली तळहातावर उपडी करते. एक झटका, दुसरा झटका, थेंब नाही. मग आतूनच हाक येते, "थिजलं गं!" हाक माझ्या बायकोसाठी असते. बाटली गरम पाण्यात ठेव, हा तिचा वरवरचा अर्थ. खरा अर्थ, डिंक आण. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. म्हणजे ज्या हवेत थंड मुलखातली माणसं उघड्या अंगानं बागेत लोळत असतील, त्या हवेत आमच्याकडे कानटोप्या आणि कढया बाहेर पडतात.

पुण्याची थंडी अगदीच नावाची आहे असंही नाही. १७ जानेवारी १९३५ ला इथं पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. मुंबईसारख्या घामट गावातसुद्धा २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश होते. हे दोन्ही आकडे मला पाठ आहेत, कारण डिंकाचा तिसरा लाडू उचलताना ते उपयोगी पडतात. ज्या शहरात एकदा १.७ झालं, तिथं पुन्हा कधीही होऊ शकतं. माणसानं तयारीत असलेलं बरं. या युक्तिवादावर बायको काही बोलत नाही, फक्त डब्याची जागा बदलते.

लाडवांचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे डिंक तळणं, आणि ते माझ्याकडे कधी येत नाही. डिंक बाभळीचा नाहीतर धावड्याचा. मोठे खडे हरभऱ्याएवढे करून घ्यायचे आणि थोडे थोडे तुपात सोडायचे. तूप बेताचं तापलेलं हवं. फार तापलं तर खडा वरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो. कमी तापलं तर तो फुलतच नाही, लग्नघरातल्या दूरच्या नातेवाइकासारखा एका कोपऱ्यात बसून राहतो. जमलं तर मात्र लाहीसारखा फुलून वर येतो आणि बोटांनी चुरला तर कुरकुरतो. कच्चा राहिलेला खडा लाडवात सापडला तर काय होतं हे मी अनुभवानं सांगू शकतो. चार वर्षांपूर्वी माझ्या दाढेतली चांदी अशाच एका खड्याबरोबर बाहेर आली. दातांच्या डॉक्टरांनी आत डोकावून एकच शब्द विचारला, "डिंक?" मी मान हलवली. नोव्हेंबर ते जानेवारी हा त्यांचाही हंगाम असावा.

माझ्याकडे येतं ते काम खारकांचं. आधी अडकित्त्यानं फोडून बिया काढायच्या, मग तुकडे खलबत्त्यात कुटायचे. बाजारात खारकेची पूड मिळते. आईला हे माहीत आहे, पण मान्य नाही. "त्यात काय घालतात ते विकणाऱ्यालाच ठाऊक." शिवाय कुटण्याला एक सामाजिक बाजू आहे, ती मला फार उशिरा समजली. आमचा खलबत्ता लोखंडी. तो वाजायला लागला की खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्यावर सहज म्हणतात, "काय, लाडू वाटतं?" एकदा हे विचारलं गेलं की वाटी पोचती करणं आलं. जितक्या घरांत आवाज, तितक्या वाट्या, असा आईचा हिशेब. म्हणून मी एकदा खलबत्त्याखाली जाड सतरंजी घातली होती. आईनं ती काढायला लावली.

खारीक, सुकं खोबरं, खसखस, गूळ, जायफळ. आणि गोडंबी. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतली बी. ज्या बिब्ब्यानं परीट कपड्यांवर खुणा करायचे, ज्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, त्याच्या पोटात ही पांढरी, गोडसर बी असते. ती खाता येते हे पहिल्यांदा कुणी शोधलं असेल त्या माणसाच्या बोटांची मला काळजी वाटते.

हे लाडू मुळात कोणासाठी? बाळंतिणीसाठी, तालमीत जोर काढणाऱ्यांसाठी, आणि माझ्या आजोबांसारख्यांसाठी, जे पौषातल्या पहाटे गव्हाला पाणी धरायला जाताना दोन लाडू उपरण्यात बांधून न्यायचे. गुडघाभर गार पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाला तो लाडू लागू पडत असणारच. मी तोच लाडू खातो, पायमोजे घालतो आणि लिफ्टनं खाली उतरतो. ऑफिसात दिवसभर खुर्ची गोल फिरवण्यापलीकडे माझ्याकडून काही कष्ट होत नाहीत. लाडवातली ताकद बिचारी अंगभर काम शोधत हिंडते आणि शेवटी पोटावर येऊन बसते.

मागच्या डिसेंबरात रक्ताचा अहवाल आला. डॉक्टर म्हणाले, "गोड आणि तूप, दोन्ही जपून." घरी येऊन मी चरकाला साक्षीला काढलं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्या सांगितली आहे. तिथं म्हटलंय की बाहेरच्या गारठ्यानं शरीरातली ऊब आत कोंडली जाते, त्यामुळे हेमंतात जठराग्नी बळकट होतो, आणि त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही तर तो शरीरातला रसच जाळायला निघतो. म्हणजे मी लाडू खाल्ला नाही तर अग्नी मलाच खाणार. हे सगळं मी गंभीर चेहऱ्यानं बायकोला ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच अध्यायात व्यायामाचं काही लिहिलंय का हो?" लिहिलंय. मी पुढचं पान उलटलं नव्हतं असं सांगितलं.

मेथीच्या लाडवांबद्दल मी थोडक्यात बोलेन, कारण ते थोडक्यातच खातो. मेथीचं पीठ आठवडाभर तुपात भिजवून ठेवलं की कडूपणा उतरतो म्हणतात. उतरतो, पण जात नाही. निवृत्त मुख्याध्यापकासारखा घरातच असतो, फक्त बोलत नाही. अळिवाचे लाडू ही माहेरची देणगी, म्हणजे बायकोच्या माहेरची. ते अळीव नारळाच्या पाण्यात भिजवतात, आणि तासा-दोन तासांत त्यांचं जे रूप होतं त्याला आमच्या मुलीनं सहाव्या वर्षी "बेडकाची अंडी" असं नाव दिलं होतं. त्या दिवसापासून दोन वर्षं तिनं ते खाल्ले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही पहिला घास जड जायला लागला.

आता भांडणाकडे येतो. आमचं मूळ घर जळगावकडच्या यावल तालुक्यातलं, बायको अलिबागकडची. बाकी अकरा महिने हा फरक आमटीत गूळ किती एवढ्यावर निभावतो. हिवाळ्यात तो पेटतो, अगदी शब्दशः, कारण दोन्हीकडच्या हिवाळ्याचं मुख्य खाणं विस्तवाशिवाय होत नाही.

आमच्याकडचं खाणं म्हणजे भरीत. चातुर्मासात वांगं वर्ज्य, ते चंपाषष्ठीला सुटतं. त्या दिवशी खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, मग आपण जेवायचं. घरात हा नियम आई पाळते. मी तिच्यादेखत पाळतो. जळगावचं भरताचं वांगं हे इकडच्या जांभळ्या वांग्यासारखं नसतं. फिकट हिरवं, लांबोडकं, हातात घेतलं तर तान्ह्या मुलासारखं भरीव. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आईला विशेष काही वाटलं नाही. "सरकारला आता कळलं," एवढंच म्हणाली.

पण वांगं हा भरताचा निम्मा भाग. दुसरा निम्मा म्हणजे जाळ. शेतात तुराट्या नाहीतर कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी टाकायची, साल काळी ठिक्कर होईपर्यंत. मग ती सोलून लाकडाच्या खोलगट भांड्यात लाकडी दांड्यानं ठेचायची, वाटायची मुळीच नाहीत. हिरव्या मिरच्या आणि लसूण वेगळे ठेचून, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळले की ते कळणं. भरीत करताना बाया पुढं नसतात, पुरुष असतात. माझे काका जाळासमोर उभे राहून एकेक वांगं चिमट्यानं फिरवायचे आणि धुरानं डोळ्यांतून पाणी काढत सांगायचे की भरताला तिखट डोळ्यांतून लागतं.

पुण्यात आम्ही वांगं गॅसवर भाजतो. ते भाजलं जातं, पण त्याला जाळाचा वास लागत नाही. आई दरवर्षी पहिला घास घेते, थोडं थांबते आणि म्हणते, "बरं झालंय." या 'थोडं थांबते'त सबंध यावल तालुका सामावलेला असतो.

म्हणून एका डिसेंबरात जळगावहून येताना मी तुराट्यांची मोळी बांधून एसटीच्या टपावर टाकली. कंडक्टरनं विचारलं, "पुण्यात लाकूड नाही का?" लाकूड आहे, तुराट्या नाहीत, हे त्याला समजावण्यात चाळीसगाव आलं. रविवारी संध्याकाळी गच्चीवर तीन विटा मांडून मी जाळ केला. पंधरा मिनिटांत गच्चीवरून निघालेला धूर पाचव्या मजल्याच्या खिडक्यांतून आत गेला आणि सोसायटीचे सेक्रेटरी हातात नियमांची वही घेऊन वर आले. गच्चीवर विस्तव पेटवायला मनाई आहे, हा नियम क्रमांक अकरा. त्यांनी तो पूर्ण वाचून दाखवला. तोपर्यंत वांगी सोलून झाली होती. आईनं त्यांच्या हातात ताटली ठेवली. ते उभ्या उभ्या खात होते आणि नियमाची वही काखेत होती. खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "लेखी परवानगी घेतली असती तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी अर्ज करा, मी मंजूर करून ठेवतो."

पुढच्या वेळी अर्ज बायकोनं केला. तिचं म्हणणं साधं होतं. एकदा विस्तव मंजूर झालाच आहे, तर त्यावर वांगी भाजून तो वाया का घालवायचा? पोपटी लावू.

पोपटी हे प्रकरण रायगडात जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही आणि बाकीच्यांना समजत नाही. भात कापून झाला की त्याच शेतात जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. त्याच्या शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस आले. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला अंथरायचा. त्याला एक उग्र वास असतो, आणि त्या वासाशिवाय पोपटी नाही. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा, जाडं मीठ. खाणारे असतील तर अंडी आणि मसाला लावलेलं चिकन. वरून पुन्हा पाला ठासून भरायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या लावून पेटवायचं. आत पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. अर्धा-पाऊण तास जाळ चालू. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र होऊन क्षणात उडालं तर झालं. त्या अर्ध्या तासात करायचं काय? गप्पा. बायकोचं तर म्हणणं की पोपटी हा गप्पांचाच पदार्थ, शेंगा तोंडी लावायला.

माझा मेहुणा मडकं आणि पाल्याची गाठोडी घेऊन पहाटेच्या गाडीनं आला. गच्चीवर एका बाजूला माझ्या तीन विटा, दुसऱ्या बाजूला त्याचं उपडं मडकं. मधे सेक्रेटरी, या वेळी वहीशिवाय, मुलीसह. कुणाचा जाळ आधी पेटला यावर मी काही लिहीत नाही. इतकंच सांगतो की मडकं फोडल्यावर जो वास आला तो घेऊन आई मिनिटभर काही बोलली नाही. मग शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला, आणि सुनेला म्हणाली, "आमच्याकडं पण असं काहीतरी करायचे लहानपणी." हे खरं नाही. यावल तालुक्यात कुणी पोपटी लावत नाही. पण आईनं कौतुक करायचं ठरवलं की ती आधी ती गोष्ट खानदेशात नेते.

शेजारच्या नागपूरच्या काकू या सगळ्याकडे जरा वरून बघतात. "बाप्पा! एवढ्याशा गारव्याला तुम्ही थंडी म्हणता?" असं म्हणत त्या दर डिसेंबरात सांभारवडी पाठवतात. पहिल्या वर्षी निरोप आला, "सांभारवडी पाठवतेय," तेव्हा मी चमचा आणि खोल वाटी घेऊन बसलो होतो. डब्यातून निघाल्या कोथिंबिरीचं सारण भरून तळलेल्या सोनेरी गुंडाळ्या. विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे मला तिथं समजलं. त्यांच्याकडची तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी मात्र अशी असते की ती आली की आमच्या घरात त्या रात्री दुसरी भाजी होत नाही. हे त्यांना कळू नये म्हणून बायको वाटी परत करताना तीत गाजराचा हलवा घालते.

हलव्याची गाजरं मी किसतो. लाल गाजरं बाजारात आली की घरातल्या किसणीला माझ्या बोटांची आठवण होते. मटार सोलायलाही मीच, पण ते काम मला आवडतं, कारण त्यात हिशेब लागत नाही. शेंगांचं निम्म्याहून जास्त वजन टरफलांतच जातं, तेव्हा किलोभर शेंगांतून नेमके किती दाणे निघायला हवे होते हे कुणी सांगू शकत नाही. मी किती खाल्ले हेही नाही.

भोगीला मात्र हिशेब चोख असतो. हरभरा, पावटा, गाजर, वांगं, बोरं, उसाचे तुकडे, तीळ. आई बोटांवर मोजते आणि एखादं बोट रिकामं राहिलं तर मला पुन्हा मंडईत पाठवते. बोरं भाजीत कशाला, असं विचारण्याचं वय माझं निघून गेलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा, हे बाजूला असताना बोरांबद्दल तक्रार करायला तोंड मोकळं राहत नाही. बाजरी आईच्या हुकमावरून चार-पाच दिवसांपुरतीच दळून आणायची. तिचं पीठ ठेवलं की कडवट होतं, आणि गव्हाच्या कणकेसारखा चिकटपणा तिच्यात नसल्यानं भाकरी थापताना कडेला फाटते. म्हणून पीठ गरम पाण्यात मळायचं आणि थापणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. आमच्याकडे हे दोन्ही नियम सारख्याच कडकपणे पाळले जातात.

पिण्याच्या बाबतीत घरात एकमत कधी झालं नाही. मला गवती चहा आणि आलं घातलेला चहा पुरतो. आईचा चहा गुळाचा. गूळ दुधाबरोबर उकळला तर दूध फाटतं, म्हणून तो शेवटी, गॅस बंद केल्यावर घालायचा असतो. हे मी दर हिवाळ्यात एकदा विसरतो. फाटलेला चहा आई फेकू देत नाही, मलाच प्यायला लावते. बायको सर्दीची पहिली शिंक ऐकली की कुळथाचं कढण करते. लसणाची फोडणी, दोन आमसुलं, वरून कोथिंबीर. आई म्हणते, "हुलगेच की हे. आम्ही माडगं करायचो, गूळ घालून." कोकणातले कुळीथ आणि देशावरचे हुलगे एकच, हे दोघींनाही ठाऊक आहे. तरी पेल्यात गूळ असावा की आमसूल, यावर त्या एकमेकींच्या हातचं पितात आणि एकमेकींकडे बघतात. शिंक माझी असते, ती तेवढ्यात विसरली जाते. रात्रीचं हळदीचं दूध सगळ्यांनाच सक्तीचं. हेच दूध परदेशातल्या चहाच्या दुकानांत सोनेरी नावानं विकलं जातं असं मुलीनं कळवलं तेव्हा आई म्हणाली, "मग तिथं तरी पितेस ना?"

मुलगी स्टॉकहोमला असते. डिसेंबरात तिथं दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. तिनं पहिल्या वर्षी खिडकीतल्या बर्फाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आजी, ही खरी थंडी." आईनं फोटो चष्मा वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, "खोबरेल थिजलं का तुझं?"

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. ती बाटली बघूनच बोलत होती. तिकडं घरं यंत्रानं गरम ठेवतात, आत सतत वीस-एकवीस अंश. त्यामुळे तिचं खोबरेल जुलैतले चार-सहा दिवस सोडले तर वर्षभर थिजलेलंच असतं. "मग आजी, नियमानं मी लाडू कधी करायचे? बारा महिने?"

हा प्रश्न मला आवडला. मी तर मनातल्या मनात स्वीडनला जायची तयारी केली. आई मात्र विचारात पडली. सत्तर वर्षं बिनचूक चाललेली तिची वेधशाळा एका फोनमध्ये बाद झाली होती. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत फारसं बोलली नाही. रात्री हळदीच्या दुधाचा पेला हातात घेऊन तिनं निकाल दिला. "तिला सांग, तेलाचं तिथं काही खरं नाही. टाचा फुटल्या की कर."

टाचा जानेवारीत फुटल्या. मुलीनं भारतीय किराणा दुकानातून डिंक आणला, खारका आणल्या, गूळ मात्र ढेपेचा मिळाला नाही म्हणून पावडरीचा घेतला. रविवारी फोनवर चित्र सुरू करून ती कढईसमोर उभी राहिली. आमच्याकडे आई, बायको आणि मी, एका फोनसमोर तिघं. तूप तापलं, तिनं डिंक सोडला, आणि तिच्या छतावरून कर्कश शिट्टी सुरू झाली. धुराचा इशारा देणारं यंत्र. मुलगी खुर्चीवर चढून टॉवेलनं हवा घालत होती, फोन ओट्यावर आडवा पडला होता आणि आम्हाला नुसतं छत दिसत होतं. त्या गोंधळात आई छताकडे बघून ओरडत होती, "गॅस बारीक कर! गॅस!" तिकडं गॅस नाही, विजेची शेगडी आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती.

तासाभरानं ताटातले लाडू दिसले. आईनं ते मोजले. चौदा.

"खारीक कशात कुटलीस?"

"मिक्सरमध्ये, आजी."

आई थोडं थांबली. मग म्हणाली, "मग शेजाऱ्यांना कळणार कसं?"

"कळलं ना," मुलगी म्हणाली. "ती शिट्टी वाजली तशी खालची बाई पळत आली, आग लागली म्हणून. तिला दिला एक."

"मग ठीक. आवडला का तिला?"

"आवडला म्हणाली. फक्त मधे काहीतरी कडक दाताखाली आलं म्हणाली."

आईनं माझ्याकडे पाहिलं, माझा हात आपोआप दाढेकडे गेला, आणि ती फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "तूप फार तापवलंस गं. आत कच्चा राहिला."